सांध्यावरचा नाद

"माझ्या पोटात खाडी वाजते, असं डॉक्टरीणबाई बोलल्या," हे वाक्य मांडव्याच्या धक्क्यावर एका निवृत्त तांडेलाच्या तोंडून मी ऐकले नसते, तर मूत्रपिंडरोपण हा विषय वर्तमानपत्रातील त्या ठराविक छायाचित्रापुरताच, म्हणजे हार घातलेला रुग्ण आणि शेजारी संकोचून उभी असलेली दात्री पत्नी एवढ्यापुरताच, माझ्या लेखी उरला असता. दिवस पावसाळ्याचे होते. गेटवेच्या बोटी बंद पडल्यामुळे २०२० साली सुरू झालेल्या भाऊच्या धक्क्याच्या रो-रोवरच साऱ्या मुलखाची भिस्त होती, आणि तीही दर्याच्या मर्जीनेच. मी त्यांच्यासोबत तपासणीला निघालो.

तांडेलांना दहा महिन्यांपूर्वी पत्नीचे मूत्रपिंड बसवले होते. बसवले ते जुन्याच्या जागी नव्हे. निकामी झालेली मूत्रपिंडे बहुधा जागच्या जागी राहू देऊन नवे ओटीपोटात, जांघेच्या वरच्या अंगाला ठेवतात आणि पायाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीला त्याची धमनी टाक्यांनी सांधतात. हा टाका घालण्याची रीत अलेक्सी कॅरेल या फ्रेंच शल्यविशारदाने बसवली. लियाँच्या एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडून तो बारीक शिवण शिकला होता, आणि १९१२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. ही हकिकत मी बोटीवर सांगितली, तर तांडेल म्हणाले, "म्हंजे जालं शिवणाऱ्यालाच बक्षीस दिलं की!"

तपासणीची खोली अंधारी, थंडगार. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आणि पोटावर गार मलम पसरून त्यावरून यंत्राचे टोक फिरवताना त्यांचे मनगट इतके निश्चल राही की, हलते आहे ते पोट की हात, हे कळू नये. पडद्यावर लाल-निळे रंग होते. पण मी पाहत राहिलो तो त्यांचा चेहरा, कारण त्या पडद्याकडे पाहण्यापेक्षा ऐकत अधिक होत्या. मोठ्या धमनीचा हुंकार संथ होता. "काका, श्वास धरा," म्हणून त्यांनी टोक जरासे आत वळवले आणि सांध्यापाशी तोच आवाज कर्कश, शिटीसारखा झाला. भरतीचे पाणी अरुंद तोंडातून आत घुसताना करते तसा. "तीनशे," त्या म्हणाल्या. सेकंदाला तीनशे सेंटिमीटर. दोनशे-अडीचशेच्या वर वेग गेला की धमनी अरुंद झाल्याचा संशय घ्यायचा. तांडेलांनी विचारले, "तीनशे म्हंजे किती मैल?" मी कागदावर मांडून पाहिले : तासाला सुमारे सहा दर्याई मैल. ते किंचित हसले. "माझी होडी चालायची तेवढा."

त्यांच्या पत्नीच्या मूत्रपिंडाला एकाऐवजी दोन धमन्या होत्या. हे विरळा नाही. चारांतल्या एका मूत्रपिंडात असे सापडते. खालची धमनी बारीक असली तरी बांधून टाकता येत नाही, कारण मूत्रवाहिनीचे पोषण तिच्यावर असते; म्हणून बर्फात ठेवलेल्या मूत्रपिंडावर मेजावरच दोन्ही मुखे विजारीच्या दोन पायांसारखी जोडून त्यांचे एक मुख करतात. सांध्यापाशी पुढे व्रण आकसला, किंवा धमनी लांब राहून मुडपली, की रक्ताचा ओघ मंदावतो, आणि उपाशी मूत्रपिंड सगळ्या देहाचा रक्तदाब चढवून आपला वाटा मागू लागते. तांडेलांचे तेच झाले होते. पाय सुजले, दाब चढला. जेथे जेथे तो मोजला गेला तेथे तेथे गोळ्यांची संख्या वाढली, आणि त्यांतल्या एका जातीच्या गोळीने तर, जी अशा रुग्णाच्या मूत्रपिंडाचा उरलासुरला दाबही उतरवते, क्रिएटिनिन भराभर वर नेले. जांघेवर नळी ठेवून ऐकण्याची तसदी दाब चढल्यापासूनच्या चार महिन्यांत कोणी घेतली नव्हती. नळी ठेवायला अर्धे मिनिट लागते! १९६५ साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात रोपणाचा देशातला पहिला प्रयत्न झाला, त्याला इतकी वर्षे लोटली. शस्त्रक्रियेचे कौतुक आपण शिकलो, तिच्यामागची राखण अजून शिकलो नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढचा उपचार थोडक्यात आटोपला. धमनीतून तार सरकवून, फुगा फुगवून अरुंद जागा रुंदावली आणि जाळीची नळी बसवली. मूत्रपिंडाला बाधू नये म्हणून रंगद्रव्य बेताने वापरले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच अंधारी खोली, तेच निश्चल मनगट. तीनशेचे दीडशे झाले होते आणि शिटी थांबली होती. तांडेलांना ते ऐकून बरे वाटले की चुकल्यासारखे, हे मला उमगले नाही.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना एवढीच विनंती : गोळ्या घेऊनही दाब उतरेना, पाय सुजू लागले, लघवी कमी झाली, तर पुढच्या तारखेची किंवा दर्या शांत होण्याची वाट पाहू नका, रो-रो बंद असेल तर पेणवरून रस्त्याने जा, आणि डॉक्टरांना जांघेवर नळी ठेवून ऐकायला सांगा.