क्लाउडमधील पीडीएफ कागदपत्रे टॅब्लेटवर कशी उघडावीत

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके मुख्यत्वेकरून खरीप भाताचे होत. पूर्वेस सह्याद्रीची रांग, तिच्या पायथ्याशी भातसा व काळू या नद्यांची खोरी आणि डोंगरउतारावर विखुरलेले पाडे, अशी या भागाची रचना आहे. आसनगाव किंवा मुरबाड गावात मोबाइलची रेंज सहज मिळते. परंतु डोळखांबच्या आतील बाजूस अथवा माळशेज घाटाच्या पायथ्याकडील पाड्यांवर ती सर्वत्र सारखी मिळेलच असे नाही. दुसरीकडे सातबारा, आठ-अ, योजनांचे अर्ज आणि पीकसंरक्षणाच्या माहितीपत्रिका आता बहुशः पीडीएफ फाइलींच्या रूपाने इंटरनेटवर ठेविलेल्या असतात. कार्यकर्ता टॅब्लेट घेऊन पाड्यावर जातो, शेतकरी काम टाकून गोळा होतात आणि पडद्यावर नुसते चक्र फिरत राहते. शेतकऱ्यांचा दिवस मोडतो व कार्यकर्त्याची खेप फुकट जाते. अशा वेळी दोष टॅब्लेटचा क्वचितच असतो. फाइल प्रत्यक्षात कोठे आहे याची स्पष्ट कल्पना नसणे, हेच बहुधा त्याचे कारण होय.

क्लाउड म्हणजे काय?

क्लाउड म्हणजे दूरच्या ठिकाणी सतत चालू असलेल्या संगणकांवरील साठवणुकीची जागा. गूगल ड्राइव्ह, डिजिलॉकर इत्यादी सोयी याच प्रकारच्या आहेत. टॅब्लेटवर फाइलीचे नाव किंवा पहिल्या पानाचे लहान चित्र दिसले, म्हणजे फाइल टॅब्लेटमध्ये आली असे समजू नये. गोदामाची पावती खिशात असली म्हणून बियाणे घरच्या कणगीत आले असे होत नाही, तसाच हा प्रकार आहे. नावावर बोट टेकल्यानंतर फाइल इंटरनेटवरून मागविली जाते. रेंज नसेल तर ती येणार कोठून?

पीडीएफ हा प्रकार का वापरतात?

हा प्रकार अडोबी या कंपनीने १९९३ साली प्रचारात आणला व २००८ साली त्यास आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. या फाइलीत मजकुराबरोबर अक्षरांचे वळणही साठविता येते. त्यामुळे एका संगणकावर तयार केलेले मराठी पत्रक दुसऱ्या यंत्रावर उघडले तरी काना-मात्रा विस्कटत नाहीत आणि तक्त्यातील रकाने जागच्या जागी राहतात. मात्र कागदाचे छायाचित्र घेऊन बनविलेल्या पीडीएफमध्ये अक्षरे नसून केवळ चित्र असते. अशी फाइल आकाराने मोठी होते, उतरण्यास वेळ लागतो आणि तीत शब्द शोधता येत नाही.

फाइल उघडण्याच्या तीन रीती

१. नुसती पाहणे : फाइलीच्या नावावर बोट टेकले की ती उघडते. रेंज चांगली असता ही रीत पुरेशी आहे. पण पाड्यावर तिच्यावर विसंबू नये.

२. ऑफलाइन ठेवणे : गूगल ड्राइव्हमध्ये फाइलीच्या नावाशेजारील तीन ठिपक्यांवर बोट टेकून ‘ऑफलाइन उपलब्ध करा’ हा पर्याय निवडावा. यायोगे फाइलीची प्रत टॅब्लेटमध्ये राहते व रेंज नसताही उघडते. पुढे मूळ फाइलीत बदल झाल्यास इंटरनेट मिळताच ही प्रतही अद्ययावत होते. नेहमी लागणाऱ्या माहितीपत्रिकांसाठी ही रीत उत्तम.

३. डाउनलोड करणे : यात वेगळी प्रत ‘डाउनलोड’ या कप्प्यात येते. मूळ फाइल बदलली तरी ही प्रत बदलत नाही. म्हणून तिच्या नावात तारीख घालावी.

ऑफलाइन प्रतीचा उपयोग एका उदाहरणाने ध्यानात येईल. भातावरील करपा हा रोग बुरशीमुळे होतो. पानावर मध्ये रुंद व दोन्ही टोकांस निमुळते असे ठिपके पडतात. कडाकरपा हा जिवाणूजन्य असून पानाच्या शेंड्याकडून व कडांनी वाळण्यास सुरुवात होते. करप्यावरील बुरशीनाशक कडाकरप्यास लागू पडत नाही. बांधावर उभे राहून माहितीपत्रिकेतील चित्राशी पान ताडून पाहता आले, तर चुकीच्या फवारणीचा खर्च वाचतो. परंतु ती पत्रिका त्या वेळी बांधावरच उघडली पाहिजे.

नेहमीच्या अडचणी व उपाय

फाइल ‘परवानगी मागा’ असे दर्शवीत असल्यास ती दुसऱ्या खात्यास दिलेली असते. टॅब्लेटवर कोणते खाते चालू आहे ते पाहावे व जरूर तर फाइल पाठविणाऱ्याकडून परवानगी घ्यावी. अर्धवट उतरलेली फाइल ‘खराब’ म्हणून उघडत नाही. ती काढून टाकून चांगल्या रेंजमध्ये पुन्हा उतरवावी. टॅब्लेटमधील जागा भरली असल्यास प्रथम जुने व्हिडिओ कमी करावेत. आधारची पीडीएफ उघडताना पासवर्ड विचारला जातो. नावाची पहिली ४ अक्षरे इंग्रजी मोठ्या लिपीत व त्यापुढे जन्मवर्ष, असा तो असतो.

सातबाऱ्याविषयी विशेष

महाभूलेख संकेतस्थळावर विनामूल्य दिसणारा सातबारा केवळ माहितीसाठी असतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून मिळू लागला असून त्यास १५ रुपये शुल्क पडते. ही स्वाक्षरी त्या पीडीएफ फाइलीतच गुंफलेली असते. पडद्याचे छायाचित्र काढून पाठविल्यास ती त्यात उतरत नाही. म्हणून कोठेही पाठविताना मूळ फाइलच पाठवावी. आधारभूत किमतीने भात विकण्यासाठी नोंदणी करताना सातबारा लागतो. तेव्हा फेरफार झाला असल्यास जुनी प्रत न देता नवी उतरवून घ्यावी.

खबरदारी

ज्या फाइलीच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही इंग्रजी अक्षरे असतील, ती कागदपत्र नसून टॅब्लेटमध्ये शिरणारे ॲप होय. योजनेचे नाव देऊन अशा फाइली पाठवून लोकांच्या बँक खात्यातील पैसे काढून घेतले जातात. त्या उघडू नयेत. एकच टॅब्लेट अनेकजण वापरीत असतील तर शेतकऱ्याचे काम संपताच त्याचे खाते बंद करावे व त्याची उतरविलेली कागदपत्रे काढून टाकावीत. ओटीपी कोणासही सांगू नये.

निघण्यापूर्वीची परीक्षा

तालुक्याच्या गावातून निघण्यापूर्वी लागणाऱ्या फाइली ऑफलाइन ठेवाव्यात, टॅब्लेट ‘विमान मोड’वर टाकून इंटरनेट बंद करावे आणि प्रत्येक फाइल शेवटच्या पानापर्यंत उघडून पाहावी. जी फाइल येथे उघडली, ती डोंगरावरही उघडेल. जी उघडली नाही, ती रेंज असतानाच पुन्हा उतरवून घेता येईल. या कामास फारसा वेळ लागत नाही. हा परिपाठ ठेविल्यास पाड्यावर जमलेल्या शेतकऱ्यास रिकाम्या हाताने परत जावे लागणार नाही.