तारपा, रॅप आणि आमची मुले



वसतिगृहाला भेट देणारे पाहुणे हल्ली हमखास विचारतात, "मुले ही कसली गाणी ऐकतात? तुम्ही अडवत नाही का?" अडवून पाहिले. नववीतल्या एका वारली मुलाचे इअरफोन मी स्वतः काढून कपाटात ठेवले. आठवडाभर तो माझ्याशी बोलला नाही आणि गाणी दुसऱ्याच्या फोनवर ऐकत राहिला. तेव्हा शनिवारच्या तासाला त्या गाण्यांचाच धडा घ्यायचे ठरवले.

प्रत्येकाला कागद दिला. आवडते गाणे कोणते, ते कोणाबरोबर ऐकता, ऐकणाऱ्यांचे केस आणि कपडे कसे असतात आणि कोणासमोर ते लावणार नाही, एवढेच लिहायचे होते. शेवटच्या प्रश्नाची उत्तरे बोलकी निघाली. रॅपवाले "ताईंसमोर नाही" म्हणाले, तर लग्नातल्या डीजेवर नाचणारे "शहरातल्या मुलांसमोर नाही, ती हसतात" म्हणाले. एकाच खोलीत राहणारी मुले, पण गाण्यांवरून त्यांचे गट पडलेले. मोठ्या समाजात राहूनच अशा गटाने स्वतःचे गाणे, पोशाख आणि बोली धरली की तिला उपसंस्कृती म्हणतात. "मी कोण?" या प्रश्नाचे एक उत्तर मुलाला तिथे मिळते.

मग रॅपची गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातून मोठा महामार्ग काढताना हजारो कुटुंबांची घरे गेली. मागे राहिलेल्या वस्तीत काम नव्हते आणि इमारती जळत होत्या. तिथे ११ ऑगस्ट १९७३ रोजी जमैकाहून आलेल्या कूल हर्क नावाच्या तरुणाने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या. शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते, म्हणून ती पार्टी होती! गाण्यातला फक्त तालाचा तुकडा तो दोन सारख्या तबकड्यांवर लांबवत असे. त्या तालावर बोलता बोलता रॅप आकाराला आले. पुढे मुंबईच्या गल्ल्यांतल्या मुलांनी ते आपल्या बोलीत आणले. 'गली बॉय' हा २०१९चा चित्रपट मुलांना पाठ आहे, पण घरे जाण्याचा भाग त्यांना नवा होता. "रस्त्यासाठी घरे आमच्याकडेही जातात," मागच्या बाकावरून आवाज आला. त्या गाण्यांतल्या शिव्या मला आजही खपत नाहीत आणि तेही मी मुलांना सांगितले.

पण कागदांच्या त्या गठ्ठ्यात तारपा कोणीच लिहिला नव्हता. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा यांपासून बनणारे हे वाद्य नवे भात तयार होण्याच्या दिवसांत वाजते. वादकाभोवती कमरेला हात घालून माणसे फेर धरतात. जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांमुळे तो फेर जगभर पोहोचला आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. भिंतीवर काढलेला फेर मुलांना चालतो, पण त्याचा आवाज नको. का, असे विचारल्यावर इअरफोनवाला मुलगाच म्हणाला, "ताई, शाळेत जंगली म्हणतात. आणि इथे ते देवाचं आहे म्हणतात, आपल्या नाही."

हे "इथे" मला लागले. तारपा वारली देवतांच्या पूजेत वाजतो, हे खरे, आणि वडीलजनांची काळजी मला समजते. पण आपल्या मंडळीलाही हा प्रश्न नवा नाही. मराठी ख्रिस्ती लोक परदेशी चालींवर भाषांतरित गीते गात होते, तेव्हा कृष्ण रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंग-भजनांत आणली. आज 'उपासना संगीत' उघडताना ती चाल कोणाची, असे आपण विचारत नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो मुलगा आजाचा तारपा घेऊन आला. हंगामाच्या उपकारस्तुतीत तो वाजवू द्याल का, असे त्याने विचारले. माझ्या हातात ते नाही. पाळकसाहेबांनी वडीलजनांपुढे विषय ठेवला आहे. एकाचा स्पष्ट नकार आहे, तर दोघांना आधी ऐकायचे आहे. बैठक होईपर्यंत तारपा माझ्याच कपाटात आहे, कारण भोपळ्याला उंदीर लागतात. इअरफोन मात्र मी परत केले.