परराज्यातील कोर्टात आपला वकील

सुरगाणा तालुक्याची हद्द गुजरातला भिडलेली आहे. मजुरीसाठी, बाजारहाटासाठी आपली माणसे पलीकडे जातात आणि कधी तिकडच्या कोर्टाची नोटीस घेऊन परततात. मग वकिलासाठी पैसे काढताना बँकेच्या काउंटरवर आम्हांला विचारतात, "भाऊसाहेब, आपला नाशिकचा वकील तिकडे चालेल का? परमिशनचे पैसे वेगळे पडतात म्हणे!"

परमपूज्य बाबासाहेबांनी 1923 साली मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. त्या काळी वकिलाचा हक्क नाव नोंदलेल्या हायकोर्टाशी बांधलेला असे. 1961 च्या अधिवक्ता कायद्यातील कलम 30 ने कोणत्याही राज्याची सनद असलेल्या वकिलाला देशभर उभे राहण्याचा हक्क दिला. परंतु ते कलम लागू व्हायला 15 जून 2011 उजाडला. कागदावरचा हक्क हाती यायला पन्नास वर्षे लागली!

तरीही कलम 34 प्रमाणे हायकोर्टांना आपापले नियम करता येतात. अलाहाबाद हायकोर्टाचा नियम असा की, तेथील यादीत नाव नसलेल्या वकिलाने यादीतील वकिलासह वकीलपत्र दाखल करावे, नाहीतर कोर्टाची परवानगी घ्यावी. जमशेद अन्सारी प्रकरणात 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने हा नियम वैध ठरविला. प्रत्येक हायकोर्टाचा नियम सारखा नसतो, म्हणून वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी त्या कोर्टात चौकशी करावी. परवानगी न्यायाधीश देतात. ती मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या दलालाला उभे करू नये.

ज्याच्याकडे सनदच नाही अशा व्यक्तीलाही कलम 32 खाली एखाद्या खटल्यापुरती बाजू मांडू देण्याचा अधिकार कोर्टाला आहे. तो मात्र कोर्टाच्या मर्जीचा भाग.

खरी अडचण भाषेची. गुजरातच्या खालच्या कोर्टांत कामकाज गुजरातीत चालते, म्हणून नियम नसला तरी जोडीला तिकडचा वकील लागतोच. मोटार अपघात पलीकडे झाला असेल, तर भरपाईचा दावा वारसांना आपण राहतो तेथील न्यायाधिकरणात लावता येतो. हे ठाऊक नसल्याने कित्येकांच्या खेपा फुकट जातात.

1987 च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. 1990 च्या दुरुस्तीपासून धर्मांतरित बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. अर्ज खटला चालू असलेल्या कोर्टाच्या विधी सेवा समितीकडे करावा व जातीचा दाखला सोबत न्यावा.