नानकटाईचे तूप आणि बेकरीचा पत्रा

गेल्या दिवाळीत रोडपालीला आमच्याकडे बहिणीची नात आली होती. तिला सीलिअ‍ॅक आहे, गव्हाचा कणही चालत नाही. म्हणून नानकटाईला मैद्याऐवजी तांदळाचे पीठ आणि बेसन घेतले आणि जुन्या रिवाजाने गोळे बेकरीत भाजायला दिले. दुसऱ्या दिवशी पोरीचे पोट बिघडले. घरात एकमत झाले: डालड्याने घात केला.

डालड्याची वकिली करण्याची मला हौस नाही. १९३७ साली तो बाजारात आला तेव्हापासून त्याच्यावर आरोप होत आले आहेत, आणि त्यातला ट्रान्स फॅटचा आरोप खराच. जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात त्याचे प्रमाण २ टक्क्यांपुढे जाऊ नये असा नियम आहे. पण इथे तो निर्दोष होता. ग्लुटेन हे प्रथिन आहे. तूप, खोबरेल, वनस्पती ही निव्वळ स्निग्धे. त्यांत ते मुळात नसतेच. ते बाहेरून येते. शंकरपाळी तळलेल्या तेलात तळाला पीठ बसते, पोळीला लागलेली सुरी लोण्याच्या डब्यात जाते. बेकरीत चौकशी केली तेव्हा कळले, पत्र्याला तूप चोळून वर मैदा भुरभुरवतात. भट्टीच्या उष्णतेने ग्लुटेन जात नाही. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणायला आपल्याकडची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम! पत्र्यावरचा मैदा तिथे फार झाला. गिरणीचेही तेच, आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू आपल्या तांदळात उतरतो.

मग स्निग्ध कोणते निवडावे? आपण मोहन घालतो ते मैद्याचे चिवट धागे जुळू नयेत म्हणून. इंग्रजीतल्या ‘शॉर्टनिंग’चा अर्थही त्याच अंगाचा, खुसखुशीत करणारे. तांदळाच्या पिठात धागेच नाहीत; तेवढेच मोहन घातले की भुगा होतो. बाजारच्या लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असते. ते पीठ शोषते आणि गोळा जरा धरतो. कणीदार साजूक तूप चवीला सरस, पण त्यात पाणी नाही, आणि पातळ करून घातले तर नानकटाई पसरते. थिजलेले तूप साखरेबरोबर पांढरे होईतो फेसायचे, मोहन नेहमीपेक्षा कमी ठेवायचे, गोळा अर्धा तास झाकायचा. (अनारशाला यातले काहीच नको, तो जन्मतःच गव्हाविना.)

यंदा तांदूळ धुऊन, वाळवून घरच्या मिक्सरमध्ये दळले. तुपाचा नवा डबा फोडला, पत्र्यावर कोरा बटर पेपर घातला. पहिल्या खेपेचा भुगा झाला. दुसरीतल्या तीन तिने उभ्या उभ्याच खाल्ल्या.