सॉस घट्ट कशाने होतो? पाकिटावरचा ४१५ वाचा

घरातली सॉसची बाटली हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरे वाचा. ‘थिकनर’ किंवा ‘स्टॅबिलायझर’ या शब्दाजवळ ४१५ हा आकडा पुष्कळदा दिसेल. आइस्क्रीम, टूथपेस्ट, काही पातळ औषधे यांतही हा पदार्थ असतो. त्याचे नाव झँथन गम. बायका विचारतात, “ताई, हे केमिकल आहे का? पोरांना द्यायचं का?”

बाभळीचा डिंक झाडातून येतो, गवार गम गवारीच्या बियांतून. झँथन मात्र एक जिवाणू बनवतो. झँथोमोनस कॅम्पेस्ट्रिस हे त्याचे नाव. कोबी-फ्लॉवरच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून शिरा काळ्या होतात, तो रोग याच जिवाणूचा. स्वतःच्या बचावासाठी तो अंगाभोवती बुळबुळीत आवरण तयार करतो. तोच हा डिंक. अमेरिकेत पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेत ॲलीन जीन्स या बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात तो शोधला. १९६९ साली तिथे तो अन्नात वापरायला परवानगी मिळाली.

जिवाणूला हे जमते ते ओळीने असलेल्या १२ जनुकांमुळे. जनुक म्हणजे लिहून ठेवलेली सूचना, आणि एन्झाइम म्हणजे ती सूचना पाळणारा कामगार. ‘गम-डी’चा कामगार साखरेचा पहिला मणी बसवतो, ‘गम-एम’चा दुसरा. ‘गम-एच’, ‘गम-के’ आणि ‘गम-आय’ बाजूचे तीन मणी जोडतात. पाच मण्यांचा एक तुकडा झाला. इतर कामगार असे असंख्य तुकडे जोडून लांब माळ करतात आणि पेशीबाहेर सोडतात. या माळा पाण्यात एकमेकींत गुंततात, म्हणून चिमूटभर पुडीनेही पाणी दाट होते. कारखान्यात हा जिवाणू साखरेच्या पाण्यात मोठ्या टाक्यांत वाढवतात, मग उष्णतेने मारतात, अल्कोहोलने डिंक वेगळा करून वाळवतात.

मग खावे की नाही? मोठ्या माणसाला अन्नातल्या थोड्या प्रमाणाने अपाय होत नाही. जास्त पोटात गेला तर गॅस होतो, जुलाब लागतात. पण सॉस घट्ट दिसला म्हणजे त्यात टोमॅटो भरपूर, असे समजू नका. डिंकाने पोषण मिळत नाही. त्याच बाटलीत मीठ आणि साखर किती, तेही वाचा.

लकवा झालेल्या माणसाला कधी कधी पाणी गिळताना ठसका लागतो, पाणी श्वासनलिकेत जाते. तेव्हा डॉक्टर पाणी दाट करून द्यायला सांगतात. त्या पुडीत बऱ्याचदा हाच डिंक असतो. तिथे तो कामाचा आहे.

तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी. अशी पुडी घातलेले दूध दिलेल्या काही बाळांना, विशेषतः दिवस भरण्याआधी जन्मलेल्यांना, आतड्याचा जीवघेणा आजार झाल्याचे अमेरिकेत आढळले. २०११ साली तिथल्या औषध प्रशासनाने एका झँथनच्या पुडीबद्दल इशारा दिला. म्हणून मायबहिणींनो, बाळ दूध ओकते म्हणून कोणी सांगितले तरी दूध दाट करणारी पूड स्वतःच्या मनाने घालू नका. बाळ ओकत असेल, पोट फुगले असेल किंवा शीत रक्ताची पडत असेल, तर वाट न पाहता दवाखाना गाठा.