पानभर खरं लिहायचं म्हणजे...

गेल्या आठवड्यात दवाखाना बंद करता करता माझ्या एका जुन्या पेशंटची मुलगी आली. एमबीबीएस झालेली. अमेरिकेत फॅमिली मेडिसिनच्या तीन वर्षांच्या रेसिडेन्सीसाठी अर्ज करते आहे. ‘‘डॉक्टरकाका, एवढं पर्सनल स्टेटमेंट बघून द्या.’’

वाचकहो, आपल्याकडे पदव्युत्तर प्रवेश नीट-पीजीच्या गुणांवर होतो. ‘हीच शाखा का?’ असं कुणी विचारत नाही. आम्हालाही कधी विचारलं नाही. तिकडे मात्र परीक्षेचा निकाल आणि शिफारसपत्रं यांच्या जोडीला उमेदवाराने साधारण पानभर मजकुरात हे स्वतः सांगायचं असतं. यूएसएमएलईच्या पहिल्या टप्प्यात तर २०२२ पासून गुण मिळत नाहीत, फक्त पास किंवा नापास.

मी वाचलं. ‘लहानपणापासून रुग्णसेवेची ओढ’, ‘पवित्र व्यवसाय’. इंग्रजी झकास, पण कुणाच्याही नावावर खपलं असतं. शिवाय मधल्या एका वर्षाचा उल्लेखच नाही.

‘‘हे वर्ष कुठं गेलं?’’

ती गप्प झाली. मला ठाऊक होतं. वडिलांना अर्धांगवायू झाला, तेव्हा ती घरी थांबली होती. रिकामं वर्ष दिसलं तर नाकारतील, ही तिला भीती.

‘‘त्या वर्षात काय शिकलीस?’’

‘‘काका, बाबांनी बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी चार महिने बंद ठेवली होती. घरात कुणाला पत्ता नव्हता. त्यांना कुणी विचारलंच नाही.’’

मीही विचारलं नव्हतं. त्या चार महिन्यांत ते दोनदा खोकल्यासाठी माझ्याकडे येऊन गेले होते.

‘‘हेच लिही,’’ मी म्हणालो. केस घेताना रुग्णाची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहावी, असं आम्हाला शिकवतात. इथेही तेच. गेलेलं वर्ष दोन ओळींत सरळ सांगायचं, रडगाणं नको. कुणाकडून तयार मजकूर घ्यायचा नाही. मुलाखतीत त्यावरच प्रश्न येतात. रुग्णाची ओळख पटेल असं काही लिहायचं नाही, आणि वडिलांबद्दल लिहायचं तर आधी त्यांना विचारायचं.

दोन दिवसांनी ती नवा कागद घेऊन आली. वडिलांना वाचून दाखवला होता. त्यांनी डाव्या हाताने खूण केली : पाठव.

अर्जाचं काय होईल ते मार्चमध्ये कळेल. तुम्ही मात्र एक करा. बरं वाटलं तरी बीपीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि आम्ही विचारायला विसरलो, तर आपणहून सांगा.