सातबारावरून नाव निघालं, तरी कर्जातून निघत नाही. आधी बँक, मग हक्कसोड

दोन भावांनी मिळून विहीर-पाइपलाइनसाठी कर्ज काढलं. जमीन सामाईक, म्हणून बँकेच्या कागदावर दोघांच्याही सह्या. पुढे धाकटा नोकरीला शहरात गेला. जमीन थोरल्यानं ठेवायची आणि हप्तेही त्यानंच भरायचे, असं घरात बसून ठरलं. धाकट्यानं हक्कसोडपत्र करून दिलं, सातबारावरून त्याचं नाव कमी झालं. सगळे म्हणाले, मिटलं. काही वर्षांनी धाकटा घरासाठी कर्ज मागायला गेला, तर बँकेनं सांगितलं की तुमच्या नावावर आधीच थकबाकी दिसते. जमीन गेली, कर्ज मात्र राहिलं.

असं का होतं? सातबारा हा जमिनीचा कागद, कर्ज हा बँकेशी केलेला करार. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ४३ प्रमाणे सहकर्जदारांपैकी कोणा एकाकडूनही बँक सगळं कर्ज वसूल करू शकते. 'माझा वाटा निम्मा, मी निम्मंच भरणार' असं तिथं चालत नाही. ज्यानं जास्त भरलं त्यानं ते दुसऱ्याकडून मागायचं, पण तो भावाभावांतला हिशेब. भावांनी आपसात केलेली लिखापढीही बँकेवर बंधनकारक नसते. नाव काढायचं तर बँकेची लेखी संमती हवीच.

त्याचे मार्ग मुख्यतः दोन. पहिला, थोरल्यानं एकट्याच्या नावावर नवं कर्ज घेऊन जुनं फेडणं. दुसरा, बँकेनं जुन्या करारात बदल करून धाकट्याला मोकळं करणं. दोन्हीत बँक आधी बघते की एकट्याच्या उत्पन्नावर हप्ता झेपेल का आणि तारण पुरेसं आहे का. नसेल तर काही रक्कम आधी भरावी लागते किंवा दुसरा सहकर्जदार द्यावा लागतो.

खर्च कुठे कुठे येतो?

हक्कसोडपत्र : जमीन वडिलोपार्जित असेल आणि हक्क भाऊ, बहीण, आई-वडील, मुलं किंवा पती-पत्नीच्या नावे सोडला, तर मुद्रांक ५०० रुपये. नोंदणी फी आणि दस्त हाताळणी शुल्क वेगळं. पण जमीन दोघांनी विकत घेतलेली असेल तर ही सवलत नाही. तिथं सोडलेल्या हिश्श्याच्या बाजारमूल्यावर खरेदीखताच्या दरानं मुद्रांक लागतो. मोठा खर्च इथंच बसतो.

नवं तारण : मालकीचे कागद बँकेत ठेवून ५ लाखांवरचं कर्ज घेतलं तर साधारण ०.३ टक्के मुद्रांक, म्हणजे १० लाखांना ३ हजार रुपये. कर्जाच्या प्रकारानुसार सवलत आहे का, ते बँकेत विचारावं.

बँक आणि वकील : प्रक्रिया शुल्क, शोध अहवाल आणि मूल्यांकन यांचे दर प्रत्येक बँकेचे वेगळे. वकिलाची फीही ठरलेली नसते. सगळा आकडा आधी लिहून घ्यावा. मुदतीआधी कर्ज फेडल्यास दंड आहे का, हेही विचारावं.

सोसायटीचं कर्ज असेल तर जास्त सांभाळावं. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४८ प्रमाणे बोजा चढवलेली जमीन संस्थेच्या परवानगीशिवाय हस्तांतरित केली, तर तो व्यवहारच रद्दबातल ठरतो. म्हणजे दस्ताचा खर्चही पाण्यात.

त्यामुळे क्रम महत्त्वाचा. आधी बँकेला किंवा सोसायटीला दोघांच्या सहीचा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. कर्ज एकट्याच्या नावावर झालं की जुन्या खात्याचा निल दाखला घ्यावा. मग हक्कसोडपत्र करावं. नवं तारण असेल तर बँकेची ना-हरकत दस्ताला जोडावी. त्यानंतर ई-हक्क प्रणालीवर किंवा ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे तलाठी) जुना बोजा कमी करण्यासाठी आणि हक्कसोडीच्या नोंदीसाठी अर्ज करावा. फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीसाठी १५ दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात.

शेवटी दोन कागद तपासावेत. सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात जुना बोजा राहिला नाही ना, आणि धाकट्याच्या सिबिल अहवालात ते कर्ज बंद दिसतंय ना. दोन्ही कोरे झाले की मगच म्हणायचं, मिटलं.